माझं भागतं

गणितातल्या चार क्रियांपैकी बेरजेला स्वतःचं क्रियापद नाही. ‘बेरजणे’ असं कुणी म्हणत नाही. बेरीज करावी लागते किंवा ‘मिळवणे’ उसनं आणावं लागतं. वजाबाकीची तीच तऱ्हा. ‘गुणणे’ आहे, पण ते वहीबाहेर फारसं पडत नाही. ‘आमच्या अडचणी गुणल्या गेल्या’ असं वाक्य कुठे वाचलं तर खुशाल समजावं की ते भाषांतर आहे. उरतं ‘भागणे’. हे एकच क्रियापद असं आहे की गणिताचा तास संपला, दप्तर फेकलं, पुढे गणिताशी आयुष्यभर वैर धरलं, तरी ते तोंडातून जात नाही. ‘एवढ्यात भागेल?’ ‘भागव कसंतरी.’ ‘नुसतं सॉरी म्हणून भागायचं नाही.’

मला हे क्रियापद फार दिवस खुणावतंय. एकाच शब्दात वाटणी, पुरेसेपणा आणि थकवा असे तीन अर्थ नांदतात, आणि बोलताना आपल्याला त्याची अडचण होत नाही. मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही आणि गणितज्ञ तर त्याहून नाही, पण शब्दांना हाताने चाचपून पाहायची खोड आहे.

सुरुवात वहीतूनच करू. १२ ÷ ४ हे आपण मोठ्याने कसं वाचतो? ‘बारा भागिले चार.’ हे ‘भागिले’ काय प्रकरण आहे? आजच्या मराठीत ‘भागले’ व्हायला हवं. तसंच ‘गुणिले’. जुन्या मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात एक ‘इ’ शिरायचा: मारिले, वंदिले, देखिले. आपण तो बहुतेक ठिकाणी गाळला. सांगितलं, मागितलं, पाहिलं अशा थोड्या शब्दांत तो टिकला, आणि टिकला गणितात. म्हणजे दुसरी-तिसरीतलं पोर संतांच्या काळातलं व्याकरण रोज घोकतं आणि त्याला वाटतं आपण गणित करतोय. मला हे जाम आवडतं. त्या ‘इ’चा एक फायदाही आहे. ‘भागलं’ म्हटलं की पुरलं, निभावलं. ‘भागिले’ म्हटलं की फक्त गणित.

पण ‘बारा भागिले चार’मध्ये एक गोम आहे. कोण कुणाला भागतंय? विभक्तीचे प्रत्यय गायब आहेत. ‘बाराला चाराने भाग’ असं म्हटलं की प्रश्न मिटतो. इतका मिटतो की शब्द उलटे केले तरी बिघडत नाही: ‘चाराने बाराला भाग’. ‘ला’ आणि ‘ने’ आपापल्या जागी चिकटलेले आहेत, संख्या कुठेही ठेवा. ‘भागिले’मध्ये मात्र सगळी भिस्त क्रमावर. ‘चार भागिले बारा’ म्हणालात की तीनाच्या जागी एक तृतीयांश हातात येतो. बेरीज-गुणाकारात क्रम बदलला तरी चालतं, म्हणून मुलं भागाकारातही तीच सवलत घेतात आणि फसतात. मग शिक्षक भाज्य, भाजक पाठ करून घेतात. भाज्य म्हणजे ज्याला भागायचं तो, भाजक म्हणजे भागणारा. शब्द नेमके आहेत, पण एकमेकांचे जुळे भाऊ असल्यासारखे दिसतात, त्यामुळे पाठ होऊनही अदलाबदल होते ती होतेच. जुन्या संस्कृत गणितात भाजकाला ‘हर’ किंवा ‘छेद’ म्हणत, भागाकाराच्या उत्तराला ‘लब्धि’ आणि क्रियेला ‘भागहार’. त्यातला ‘छेद’ आपल्या अपूर्णांकात अजून अंशाखाली बसलेला आहे. बाकीचे गेले. ‘लब्धि’ गेल्याचं मला वाईट वाटतं. मिळालं ते, हाती लागलं ते, असा अर्थ त्या शब्दात सरळ होता.

आता खरी मजा. ‘बाराला चाराने भागा’ या एका वाक्यात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. बारा पेन्सिली चार मुलांत वाटायच्या, प्रत्येकाला किती? हा वाटणीचा प्रश्न. बारा पेन्सिलींचे चार-चारचे गठ्ठे करायचे, किती गठ्ठे? हा मोजणीचा प्रश्न. उत्तर दोन्हीकडे तीन, पण पहिल्यात तीन पेन्सिली आणि दुसऱ्यात तीन गठ्ठे. मराठीत या दोन्हींसाठी वेगळी बोली आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पहिल्यासाठी आपण म्हणतो ‘चार भाग केले’. दुसऱ्यासाठी म्हणतो ‘चाराचा भाग जातो’. जातो! एकदा गेला, दोनदा गेला, तीनदा गेला, संपलं. पहिल्यात आपण करतो, दुसऱ्यात भाग आपणहून जातो किंवा हटून बसतो आणि जात नाही. सतराला चाराचा भाग जात नाही. आग्रह करून उपयोग नाही.

हा फरक कळला नाही तर पूर्णांकांपर्यंत निभावतं, अपूर्णांकाशी गाडं अडतं. कुणाही शहाण्यासुरत्या माणसाला घाईत विचारा: सहाला अर्ध्याने भागलं तर किती? दहातले बरेच जण ‘तीन’ म्हणतील. उत्तर आहे बारा. तीन येतात ते दोनाने भागून, म्हणजे सहाचे अर्धे करून. ‘अर्धे करणे’ आणि ‘अर्ध्याने भागणे’ यांत एका प्रत्ययाचा फरक, आणि उत्तर चौपट. वाटणीच्या चष्म्यातून पाहिलं तर अर्ध्याने भागणं हे वेड्यासारखं वाटतं. अर्ध्या मुलात सहा पेन्सिली कशा वाटणार? पण ‘भाग जातो’च्या बाजूने या: सहा मीटर दोरीतून अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे किती निघतील? बारा. आता कुणालाही शंका उरत नाही. भागल्यावर संख्या लहानच व्हायला हवी ही समजूत शाळेत इतकी घट्ट बसते की ती मोडायला दोरी आणि कात्री घेऊन बसावं लागतं. भाजक उलटा करून गुणा, ही युक्ती सगळ्यांना येते. ती का चालते हे सांगायला मात्र माणसं चाचरतात.

जाता जाता: निम्म्याची आणि पावाची भाषा मराठीत किती समृद्ध आहे पाहा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. हे सगळे निम्मं करत जाण्यातून आलेले. तिसऱ्या हिश्शाला मात्र असा घरगुती शब्द चटकन सुचत नाही. ‘एक तृतीयांश’ म्हणावं लागतं, जे ऐकताच समोरचा सावरून बसतो. कागद हाताने निम्मा दुमडता येतो, पुन्हा निम्मा दुमडता येतो. बरोब्बर तीन घड्या घालायच्या म्हटलं की डोळे बारीक करावे लागतात. भाषेनेही बहुधा तेच केलं. जे हाताला सोपं ते जिभेला सोपं ठेवलं.

लांब भागाकाराकडे मी परत वळले ती भाचीमुळे. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “मावशी, बाईंनी चूक दिलंय, पण माझं बरोबर आहे.” गणित होतं ६१२ भागिले ६. तिची पुटपुट मी लक्ष देऊन ऐकली. सहा एके सहा. सहातून सहा गेले, शून्य. वरचा एक खाली घेतला. एकाला सहाचा भाग जात नाही. वरचे दोन खाली घेतले, बारा झाले. सहा दुणे बारा. बारातून बारा गेले, शून्य. उत्तर: १२, बाकी ०. पायऱ्या सगळ्या बरोबर, पाढे बरोबर, बाकी बरोबर. फक्त उत्तर चूक.

“सहाशे बारा वस्तू सहा जणांत वाटल्या आणि प्रत्येकाला बारा आल्या?” मी विचारलं. ती थोडी थांबली. “मग सहाशे कुठे गेल्या?” असं तीच म्हणाली.

गेल्या त्या शून्यात. ‘भाग जात नाही’ एवढं म्हणून ती पुढे सरकली होती, पण भाग न जाणं हेही उत्तर असतं आणि ते लिहावं लागतं. एकाला सहाचा भाग जात नाही म्हणजे भागाकारात दशकाच्या घरी शून्य. १०२. ‘वरून खाली घेणे’ हे शब्द इतके यांत्रिक आहेत की त्यामागे काय घडतं ते झाकलं जातं. सहा शतकं सहा जणांत वाटली, एकेक शतक गेलं. उरलं एक दशक. एका दशकाचे सहा जणांत अख्खे वाटे होत नाहीत, म्हणून दशक कुणालाच नाही. मग ते दशक मोडून दहा सुटे केले, मूळचे दोन सुटे त्यांत टाकले, बारा झाले, प्रत्येकी दोन. ‘वरचे दोन खाली घेतले’ याचा अर्थ ‘मोठं मोडून सुटं केलं’ असा आहे हे कुणी आपल्याला सांगितलंच नव्हतं. भाचीने शून्य लिहिलं आणि वही मिटून निघून गेली. तिला एवढ्या तत्त्वज्ञानाची गरज नव्हती.

भागाकार बाकीच्या तिघांहून वेगळा पडतो तो आणखी एका गोष्टीत. त्यात अंदाज बांधावा लागतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांत पुढची पायरी ठरलेली असते, डोकं बाजूला ठेवून करता येते. १७२८ ला २४ ने भागायला बसा. १७२ मध्ये २४ किती वेळा? चोविसाचा पाढा पाठ नसेल तर अटकळ बांधा. आठ? चोवीस आठे १९२, जास्त झाले. सात? १६८. चार उरले, आठ खाली घेतले, ४८, म्हणजे दोनदा. उत्तर ७२. मध्ये जो आठ लिहून खोडला, तो खाडाखोडीचा डाग प्रत्येकाच्या वहीत असतो. असा चुकून-सुधारून पुढे जायचा मार्ग शाळेतल्या गणितात अधिकृतपणे फक्त इथेच मिळतो, बाकी सगळीकडे खाडाखोडीला गुण कापतात. गंमत अशी की आपल्याकडे ही क्रिया कधीपासूनच प्राथमिक समजली गेली. आर्यभटाने ४९९ साली वर्गमूळ काढायची रीत सांगितली, तीत भागाकार करावा लागतो. पण भागाकाराची रीत सांगायची त्याला गरज वाटली नाही. वाचणाऱ्याला ती येतच असणार, असं धरून चालला.

आता वही मिटू आणि त्या दुसऱ्या ‘भागणे’कडे येऊ. कारण मला खरं बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

‘मी भागतो’ आणि ‘माझं भागतं’. पहिल्यात कर्ता आहे, तो संख्या घेऊन बसलाय. दुसऱ्यात ‘माझं’ आहे, पण माझं काय? नाम नाहीच. माझं चुकलं, माझं ठरलंय, माझं जमत नाही, याच पंगतीतलं हे. ‘माझं’नंतर जी पोकळी आहे तिच्यात संसार, गरज, दिवस, काहीही घाला. आणि मग तिसरं, ‘मी भागवतो’. इथे कर्ता परत आला, पण आता तो संख्येला भागत नाही, आहे त्यात निभावून नेतो. माझ्या आजीला कुणी ‘कसं चाललंय?’ विचारलं की ती म्हणायची, “भागतंय.” त्यावरून ती सुखात आहे की ओढगस्तीत, हे समोरच्याला कळायचं नाही. तिला ते कळू द्यायचंही नसावं. ‘भागतंय’मध्ये तक्रार नाही आणि बढाईही नाही. आतलं आतच ठेवून दिलेलं पूर्ण उत्तर.

‘पुरणे’ आणि ‘भागणे’ यांना आपण समानार्थी धरतो, पण ते तसे नाहीत. ‘दोन खुर्च्या पुरतात’ या वाक्यात खुर्च्या पुरतात. मोजणी झाली, हिशेब जुळला, विषय संपला. ‘दोन खुर्च्यांवर भागतं’ या वाक्यात कुणीतरी कधीतरी जमिनीवर बसतं. पुरण्यात वस्तूची बाजू आहे, भागण्यात माणसाची. पुरतं तेव्हा वस्तूच पुरेशी असते. भागतं तेव्हा माणसाने काहीतरी सोडलेलं असतं, आखडतं घेतलेलं असतं, मान्य केलेलं असतं. म्हणूनच ‘पुरवणे’ म्हणजे बाहेरून आणून देणे, आणि ‘भागवणे’ म्हणजे आहे त्यातच घडी बसवणे.

अजून एक निरखून पाहा. काय काय भागतं? तहान भागते. भूक भागते. गरज भागते. झोप ‘पुरी होते’, पण झोपेची गरज भागते. आणि काय भागत नाही? कर्ज भागत नाही, कर्ज फिटतं. नवस फिटतो. पांग फिटतात. काम संपतं, शिक्षण पूर्ण होतं. जे एकदाच होऊन कायमचं मिटतं त्याला मराठी ‘भागलं’ म्हणत नाही. भागतं ते पुन्हा उगवणारं. तहान आत्ता भागली, दुपारी परत लागेल. ‘हौस’ या बाबतीत मजेदार आहे, तिला दोन्ही चालतं. ‘हौस भागली’ म्हटलं तर उद्या परत करू, असा वास येतो. ‘फिटली हौस’ म्हटलं की कानाला खडा. हा फरक मला कुठल्या व्याकरणात शिकवलेला आठवत नाही. पण उलट वापरून पाहा, कानाला लगेच खटकतं.

नकारात तर हे क्रियापद अधिकच धारदार होतं. ‘त्याच्याशिवाय माझं भागत नाही’ आणि ‘त्याच्याशिवाय मला करमत नाही’. दुसरं प्रेमाचं आहे. पहिलं? पहिल्यात प्रेम असेल-नसेल, पण तो माणूस नसला तर दिवा कोण दुरुस्त करणार, कागदपत्रं कुणाला सापडणार, हा सवाल आहे. लांबच्या संसारात करमण्याचं हळूहळू भागण्यात रूपांतर होतं, आणि मला त्यात काही उणं वाटत नाही. ‘करमत नाही’ हे दोन दिवसांत ओसरू शकतं. ‘भागत नाही’ ओसरत नाही.

हा अर्थ भागाकारातूनच आला का? मला वाटतं संबंध आहे: जे आहे ते गरजांमध्ये वाटून दिलं आणि सगळ्यांपर्यंत भाग गेला, म्हणजे भागलं. पण ही माझी अटकळ, वहीतल्या त्या खोडलेल्या आठासारखी. ‘भाग’ हा शब्द संस्कृत ‘भज्’ धातूचा हे मात्र नक्की. भज् म्हणजे वाटणे, वाटा देणे, वाट्याला येणे, आणि मग आश्रय घेणे, सेवा करणे. भागाकार करणारा भाजक आणि देवळात बसलेला भक्त हे एकाच घराण्यातले. विभाग, विभक्त, व्याकरणातली विभक्ती, भाग्य, अभागी, सगळे चुलत-मावस. ‘भाग्य’ म्हणजे मुळात वाट्याला आलेलं. ‘भक्त’ला संस्कृतात वाटून दिलेलं अन्न असाही अर्थ होता, आणि आपला ‘भात’ तिथून आला. एकाच धातूतून ‘वेगळे झाले’ असं सांगणारा विभक्त आणि ‘एकरूप झाले’ असं सांगणारी भक्ती निघावी, यावर कुणी कीर्तनकार तासभर बोलेल. मी पुढे जाते.

जाण्याआधी ‘भाग पडणे’. ‘मला बोलणं भाग पडलं.’ इथे सक्ती कुठून आली? माझ्या मते वाट्यावरूनच. वाटणीत जो भाग माझ्या अंगावर पडला तो मला उचलावाच लागतो. ‘भाग घेणे’ ऐच्छिक, ‘भाग पडणे’ अनिच्छेने. घेतला आणि पडला एवढाच काय तो फरक.

आणि तिसरं भागणे, थकण्याचं. ते तर आपण सगळ्यांत आधी शिकलो. बोलायलाही नीट येत नव्हतं तेव्हा चांदोबाला विचारलं, भागलास का? अभंगांतूनही ‘भागलो’ अशी हाक येते. रोजच्या बोलण्यात ते आता बहुतेक जोडीनेच येतं: थकलाभागला. हे भागणे मात्र वरच्या घराण्यातलं नाही. ते ‘भग्न’वरून, म्हणजे मोडलेला, पराभूत, यावरून आलं असं मानतात. हिंदीतलं ‘भागना’ही त्याच वाटेचं. फौज मोडली की हिंदीत ती पळते आणि मराठीत थकून बसते. यावरून दोन समाजांच्या स्वभावाबद्दल अनुमान काढायचा मोह होतो, तो आवरावा.

म्हणजे शब्दकोशात शेजारी बसलेले हे दोघे प्रत्यक्षात नात्याचे नाहीत, आवाज तेवढा सारखा. तरी कान नातं जोडतोच. महिनाभर भागवून भागवून भागलेला माणूस, हे वाक्य कुणालाही कळतं.

परत भागाकाराकडे, कारण एका पात्राबद्दल बोलायचं राहिलं: बाकी. वजाबाकी केली की उरतं ते, भागाकारात भागून उरतं ते. शब्द अरबी-फारसी वळणाचा, जमा आणि वजा यांच्या सोबतीने दफ्तरातून आलेला. शाळेत बाकीला मान नसतो. ‘निःशेष भाग गेला’ की उत्तर शोभून दिसतं, बाकी उरली की आपलं काही चुकलं असं वाटतं. तिसरी-चौथीनंतर दशांश अपूर्णांक आले की तिची हकालपट्टी होते, आणि साध्या कॅल्क्युलेटरवर तर तिच्यासाठी कळच नसते. २५ भागिले ४ दाबा, ६.२५ येतात. बाकी हवी असेल तर .२५ ला परत चाराने गुणून एक बाहेर काढायचा.

पण बाकीचं काय करायचं हे गणित सांगू शकत नाही, हीच तर भागाकाराची गंमत. पंचवीस मुलं, एका गाडीत चार; गाड्या किती? सात. पंचवीस मीटर दोरी, चार-चार मीटरचे अख्खे तुकडे, किती? सहा. पंचवीस मीटर दोरीचे चार सारखे तुकडे, प्रत्येक केवढा? सव्वासहा मीटर. तीन प्रश्न, तोच भागाकार, तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. पहिल्यात बाकीने एक अख्खी गाडी मागून घेतली, दुसऱ्यात तिला टाकून दिलं, तिसऱ्यात तिला मोडून वाटलं. पहिल्या प्रश्नाला ‘सहा गाड्या, बाकी एक’ असं उत्तर मुलं लिहितात. त्यांना विचारावं, तो बाकी एक कुठे उभा आहे?

काही ठिकाणी तर बाकीच राजा. वर्षाचे ३६५ दिवस सातने भागा: भागाकार ५२, बाकी १. त्या बावन्नांचं कुणाला काही पडलेलं नाही. त्या एकामुळे यंदा सोमवारी आलेली तारीख पुढच्या वर्षी मंगळवारी येते. मध्ये २९ फेब्रुवारी आली तर बुधवारी. लीप वर्ष ठरतं तेही बाकीवरूनच. चाराने निःशेष भाग जायला हवा, पण शंभराने गेला तर नाही, पण चारशेने गेला तर पुन्हा हो. म्हणून १९०० लीप नव्हतं, २००० होतं, २१०० नसेल. घड्याळ, वार, कोड्यांच्या युक्त्या, सगळं बाकीच्या जिवावर. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये बाकी काढायला अनेक भाषांत शेकड्याचं चिन्ह वापरतात. आणि उणे संख्या आल्या की त्या भाषांचं आपसात पटत नाही: उणे सातला तीनने भागून उरलेली बाकी सी भाषेत उणे एक, पायथनमध्ये अधिक दोन. दोन्हींची बाजू मांडता येते. मी पायथनच्या बाजूने आहे. बाकी म्हणजे उरलेलं, आणि उरलेलं उणे कसं असेल?

शेवटी शून्य. शून्याने भागायचं नाही, एवढं सगळ्यांच्या लक्षात असतं, कारण मात्र ‘बाईंनी सांगितलं’. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्याशी करायच्या क्रियांचे नियम लिहिले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आजच्यासारखेच. भागाकाराशी आल्यावर मात्र त्याने शून्याला शून्याने भागलं तर शून्य असं म्हटलं, आणि इतर संख्यांना शून्याने भागलं तर काय येतं ते न सांगता, छेदात शून्य असलेली राशी एवढंच नाव देऊन सोडलं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये अशा राशीला ‘खहर’ म्हटलं, ‘ख’ म्हणजे शून्य ज्याचा हर आहे अशी. आणि बीजगणितात तिचं वर्णन केलं की तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, बदल होत नाही. जसा प्रलयात असंख्य जीव सामावून घेताना किंवा सृष्टीच्या वेळी बाहेर टाकताना अनंत अच्युतात होत नाही. हिशेबाच्या मध्येच हा माणूस प्रलयापर्यंत जाऊन येतो. १९८५ च्या आयईईई ७५४ या संगणकीय मानकात, अपूर्णांकांच्या हिशेबात बाराला शून्याने भागलं की ‘अनंत’ येतं आणि शून्याला शून्याने भागलं की ‘ही संख्याच नाही’ असं उत्तर येतं. निम्मा निकाल भास्कराचार्यांच्या बाजूने लागला म्हणायचा.

शाळेतलं गणित इतकं उदार नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. बारा भागिले शून्य म्हणजे शून्याला कितीने गुणलं तर बारा येतील? कशानेच नाही. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्याला कितीने गुणलं तर शून्य येईल? कशानेही. एकीकडे उत्तर नाही, दुसरीकडे उत्तरांचा सुकाळ. दोन्हीकडे एक नेमकं उत्तर मिळत नाही, म्हणून क्रियाच अमान्य. ही अमान्य क्रिया कुठे घुसली तर घोटाळा होतो. सप्टेंबर १९९७ मध्ये यॉर्कटाउन या अमेरिकन युद्धनौकेवर संगणकाच्या एका नोंदीत शून्य भरलं गेलं, कुठल्याशा हिशेबात त्याने भागाकार झाला, आणि जहाज चालवणारी यंत्रणाच बंद पडून ते काही तास समुद्रात जागच्या जागी राहिलं.

मला मात्र संगणकाच्या आधीची, दातेरी चाकांची गणनयंत्रं जास्त पटतात. ती भागाकार वजाबाकीनेच करत. बारातून चार काढ, पुन्हा काढ, पुन्हा काढ, किती वेळा काढलं ते मोज. ‘भाग जातो’चा अक्षरशः अर्थ. त्यांना शून्याने भागायला सांगितलं की ती बारातून शून्य काढत, बारा उरत, परत शून्य काढत, परत बारा, आणि मोजणीचा आकडा गरगर वाढत राही. यंत्राला चूक कळायचा प्रश्नच नव्हता, ते इमानाने वजा करत होतं. काही कंपन्यांनी मग अशा यंत्रांवर भागाकार मध्येच थांबवायची एक वेगळी कळ बसवली.